मूनस्क्रेपरमध्ये खंजिरी भजनाचे चार्ट: काही महिन्यांच्या वापरानंतर

क्लोन हिरो हा गाण्याच्या तालावर येणाऱ्या पाच रंगांच्या नोटा वेळेवर दाबायचा गेम फुकट आहे, साध्या कीबोर्डवर खेळता येतो आणि आपण तयार केलेलं गाणं त्यात घालता येतं. एका गाण्याच्या फोल्डरमध्ये तीन फाइली पुरतात: आवाजाची फाइल, नोटा असलेली चार्ट फाइल आणि गाण्याचं नाव, गायक वगैरे माहितीची आयएनआय फाइल. चार्ट फाइल बनवायला मूनस्क्रेपर चार्ट एडिटर वापरतो. तोही फुकट आणि मुक्तस्रोत आहे, विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालतो. ४ जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर काम भागतं.

हा अनुभव मुख्यतः आपल्याकडच्या संगीताचा आहे: खंजिरी भजन आणि झाडीपट्टीच्या (पूर्व विदर्भातल्या) नाटकांतली गाणी. सिनेमाच्या गाण्याचा चार्ट करणं त्यामानानं सोपं. आजकालचं बहुतेक गाणं क्लिकवर, म्हणजे मेट्रोनोमच्या ठरलेल्या टकटकीवर, रेकॉर्ड झालेलं असतं, एकच बीपीएम (मिनिटाला किती बीट) शेवटपर्यंत चालतो. भजनात तसं नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरीची परंपरा गुरुकुंज मोझरीपासून गावोगावच्या मंडळांपर्यंत पोचली आहे, आणि त्या गाण्याची जानच चढत्या लयीत आहे. ८५च्या आसपास सुरू झालेलं भजन शेवटच्या धृपदाला १२०च्या पुढे जातं. म्हणून इथे चार्ट बनवणं म्हणजे आधी लयीचा नकाशा काढणं. नोटा बसवणं हे त्यानंतरचं आणि त्याहून कमी मेहनतीचं काम. मूनस्क्रेपर या पहिल्या कामात खरा उपयोगी पडतो, म्हणूनच त्याची शिफारस करतो.

लय थोडी चुकली तर किती फरक पडतो, ते आकड्यांत पाहा. गाणं ९६.५ बीपीएमचं आहे आणि आपण ९६ लिहिलं, तर एका मिनिटानंतर चार्ट अर्धा बीट, म्हणजे ३०० मिलिसेकंदांहून जास्त मागे पडतो. गेम एका नोटेला दोन्ही बाजू मिळून साधारण १४० मिलिसेकंदांची सवलत देतो. म्हणजे पहिलं कडवं संपायच्या आत खेळणाऱ्याची प्रत्येक नोट चुकायला लागेल, आणि त्याला वाटेल की आपलाच हात बसत नाही.

सुरुवात आवाजाच्या फाइलपासून करा. मोबाइलचं रेकॉर्डिंग बहुतेक वेळा एमफोरए असतं. विंडोजवर ऑडॅसिटी या आवाजाच्या एडिटरमध्ये ते उघडायला एफएफएमपेग हे पूरक सॉफ्टवेअर वेगळं टाकावं लागतं. तिथून फाइल ४४१०० हर्ट्झच्या ओजीजीमध्ये काढा, क्वालिटी ५ पुरेशी आहे. सहा मिनिटांचं भजन साधारण ७ एमबीत बसतं. एमपीथ्री टाळा. एमपीथ्रीच्या सुरुवातीला एन्कोडर थोडी शांतता जोडतो. ती साधारण २५ मिलिसेकंदांची असते आणि प्रत्येक प्लेअर ती सारखी कापत नाही. एडिटरमध्ये बरोबर लागलेली नोट गेममध्ये हुकते, त्याचं एक नेहमीचं कारण हे आहे. ओजीजी करून मगच लय बसवायला घ्या. आधी लय बसवून नंतर फाइल बदलली तर सगळं पुन्हा तपासावं लागतं.

रेकॉर्डिंगच्या वेळी मोबाइल भोंग्यासमोर ठेवू नका. भोंग्याचा आवाज देवळाच्या भिंतीवरून परत येतो आणि प्रत्येक थापेच्या मागे दुसरी थाप ऐकू येते. एक मोबाइल खंजिरीपासून हातभर अंतरावर आणि जमल्यास दुसरा पेटीजवळ ठेवावा. मूनस्क्रेपरमध्ये गाण्याच्या माहितीच्या खिडकीत मूळ गाणं, गिटार, ड्रम, आवाज अशा वेगवेगळ्या फाइली जोडता येतात. पेटी गिटारच्या जागी लावली की नोट चुकल्यावर फक्त पेटीचा आवाज दबतो आणि खेळ एकदम जिवंत होतो. मात्र दोन मोबाइलची घड्याळं तंतोतंत सारखी चालत नाहीत. भजनाच्या आधी आणि नंतर दोन्ही मोबाइलजवळ एकेक जोरदार टाळी वाजवून घ्या. सुरुवातीच्या टाळ्या जुळवल्यावर शेवटच्या टाळ्यांत फरक दिसला, तर एका फाइलीची लांबी ऑडॅसिटीत तेवढी बदलून घ्यायची.

आता पहिली सम, म्हणजे तालाच्या आवर्तनाची पहिली मात्रा. चार्टमध्ये ऑफसेटचा (आवाज पुढे-मागे सरकवायचा) रकाना आहे, तो शून्यच राहू द्या आणि आवाजाच्या सुरुवातीला शांतता वाढवा. समजा पहिली सम ३.४२० सेकंदांवर आहे. सुरुवातीचा बीपीएम ९० धरला तर चार बीटांचं एक माप २.६६७ सेकंदांचं, दोन मापं ५.३३३ सेकंदांची. म्हणजे १.९१३ सेकंद शांतता पुढे जोडली की सम बरोबर तिसऱ्या मापाच्या पहिल्या रेषेवर येते, आणि खेळणाऱ्याला तयारीला पाच सेकंद मिळतात.

कहरवा तालाच्या आठ मात्रा चार बीटांत बसतात, एका बीटात दोन. एका समेपासून दुसऱ्या समेपर्यंतचे सेकंद मोजा आणि २४०ला त्यानं भागा, त्या आवर्तनाचा बीपीएम मिळतो. २.५८ सेकंद लागले तर ९३.०२. प्रत्येक समेवर बीपीएमची एक खूण ठेवायची, पुढच्या समेला रेषा थापेवर येते का पाहायचं, नसेल तर मागचा आकडा थोडा हलवायचा. असं एकेक आवर्तन पुढे जायचं. कंटाळवाणं आहे, पण दुसरा रस्ता नाही. आपोआप ताल ओळखून देणारी सोय एडिटरमध्ये नाही, आणि असती तरी दुगणीत, म्हणजे दुप्पट लयीत, ती फसली असती.

प्रत्येक बीटावर खूण ठेवायचा मोह मात्र आवरा. थाप नेमकी कुठे पडली हे ओळखताना १५ मिलिसेकंदांची चूक सहज होते. ती एका बीटावर पडली तर आकडा २ बीपीएमनं चुकतो. पूर्ण आवर्तनावर पसरली तर चूक जेमतेम अर्ध्या बीपीएमची राहते. अपवाद एकच: बुवा हात वर करून लय चढवतात ते आवर्तन. तिथे चारही बीटांवर खुणा लागतात, कारण आवर्तनाच्या सुरुवातीची आणि शेवटची लय वेगळी असते.

मूनस्क्रेपरची सगळ्यात मोलाची सोय म्हणजे बीपीएमच्या खुणेला नांगर टाकणं, म्हणजे अँकर. नांगर टाकलेली खूण गाण्यातल्या तिच्या वेळेवर पक्की राहते, मागचं काही बदललं तरी सरकत नाही. हा नांगर नसेल तर दुसऱ्या मिनिटातली एक दुरुस्ती पुढच्या चार मिनिटांचं काम विस्कटून टाकते. प्रत्येक धृपदाच्या पहिल्या समेवर नांगर टाकत गेलात तर चूक तेवढ्या तुकड्यातच अडकून राहते.

थाप कोणाची धरायची? खंजिरीची. गायकाची नाही, पेटीचीही नाही. मुरलेला गायक शब्द समेच्या किंचित मागे टाकतो, ती त्याची लकब असते. पेटीचा सूर भात्याच्या हवेनं हळू उमलतो, त्यामुळे वेव्हफॉर्ममध्ये (आवाजाच्या आलेखात) त्याची सुरुवात दिसतच नाही. खंजिरीची थाप सुळक्यासारखी उभी दिसते. वेव्हफॉर्म चालू ठेवा, वेग कमी करा आणि मेट्रोनोम लावून ऐका. मेट्रोनोम आणि थाप एकजीव झाली की काम झालं, टकटक असा दुहेरी आवाज आला की अजून बाकी आहे.

हे ऐकताना ब्लूटूथचा स्पीकर किंवा हेडफोन वापरू नका. त्यात आवाज दीड-दोनशे मिलिसेकंद उशिरा येऊ शकतो आणि तुमची सगळी दुरुस्ती त्याच अंदाजानं बिघडते. वायरचा साधा इयरफोन घ्या. एडिटरच्या सेटिंगमध्ये आवाजाचं कॅलिब्रेशन आहे, गेममध्ये वेगळं आहे. दोन्ही आधी लावून घ्या.

दादरा तालात एक बारीक गोष्ट आहे, ती माहीत नसेल तर चार्ट विचित्र वागतो. चार्ट फाइलीत एका बीटाचे १९२ भाग असतात. दोन नोटांमधलं अंतर ६५ भागांपर्यंत असेल आणि दुसरी नोट एकेरी व वेगळ्या रंगाची असेल, तर ती आपोआप होपो बनते: आधीची नोट लागली असेल तर ही स्ट्रम न करता (रंगाचं बटण धरून वेगळं स्ट्रमचं बटण न मारता) नुसत्या बोटानं लागते. आता दादऱ्याच्या सहा मात्रा दोन बीटांत तीन-तीन अशा, म्हणजे १/१२च्या स्टेपवर (चार बीटांचे बारा भाग) बसवल्या तर अंतर ६४ भागांचं होतं. म्हणजे अख्खी धावती ओळ होपो. त्याच मात्रा ६/८चं माप घेऊन १/८च्या स्टेपवर ठेवल्या तर अंतर ९६, आणि प्रत्येक नोट स्ट्रम करावी लागते. पेटीच्या सलग सुरावटीला पहिली पद्धत शोभते, थापेथापेच्या जागेला दुसरी. एखादीच नोट बदलायची असेल तर फोर्स्डचं बटण आहे. कहरव्यात १/८च्या नोटा स्ट्रमच्या राहतात, १/१६च्या होपो होतात, तिथे सहसा हात लावावा लागत नाही.

मापाची खूणही नीट द्या, ती नुसती रेषांसाठी नसते. स्टार पॉवर म्हणजे ठरावीक नोटांचा पट्टा न चुकता वाजवला की मिळणारी, गुण दुप्पट करणारी ताकद. पूर्ण भरलेली स्टार पॉवर आठ मापं टिकते. रूपक तालाच्या सात मात्रांना ७/४ऐवजी ४/४ दिलं तर रेषा समेवर येत नाहीतच, शिवाय स्टार पॉवरही भलतीकडे संपते. स्टार पॉवरचा पट्टा शेवटच्या नोटेच्या किंचित पुढे नेऊन थांबवा, नाहीतर ती नोट हिशोबात धरली जात नाही.

पेटीची सुरावट पाच रंगांत बसवताना सा-रे-ग-म-प असा पक्का हिशोब धरू नका, गाणं धैवतावर गेलं की अडकाल. प्रत्येक ओळीचा खालचा सूर हिरव्यावर धरा, वरचा नारिंगीवर, मधले चढउतार त्या दिशेनं. तीच ओळ परत आली की तोच आकृतिबंध ठेवा. भजनात धृपद पुन्हा पुन्हा येतं, खेळणाऱ्याला ते तिसऱ्या वेळी पाठ झालेलं असतं आणि त्याची खरी मजा तिथेच आहे. लांब सुराची शेपटी पुढच्या नोटेला चिकटवू नका, १/३२ एवढी तरी जागा सोडा. धृपद, कडवं एक, कडवं दोन असे सेक्शन टाकायला विसरू नका. सरावाच्या मोडमध्ये त्यावरूनच तुकडा निवडता येतो.

गावात प्लास्टिकची गिटार कोणाकडे नसते, पोट्टे कीबोर्डवरच खेळतात. स्वस्त कीबोर्ड तीन-चार बटणं एकत्र दाबली की एखादं गिळतो, कारण आतली जाळी सगळी मिळून ओळखू शकत नाही. म्हणून तीन नोटांची जोडणी टाळा, दोन नोटांचीही जपून वापरा. सोप्या पातळीत हिरवा, लाल, पिवळा एवढेच रंग, मध्यममध्ये निळा, कठीणपासून नारिंगी. खालच्या पातळ्या आपोआप तयार होत नाहीत. सगळ्यात वरच्या पातळीची नक्कल घेऊन नोटा हातानं कमी कराव्या लागतात, आणि या कामाला वाटतं त्यापेक्षा जास्त वेळ लागतो. सोप्या पातळीत मात्रेवरच्याच नोटा ठेवा, आघात सोडून बाकी सगळं काढा.

आपल्याकडच्या दोन अडचणी. एक, लाइन. लॅपटॉपची बॅटरी उतरलेली असेल आणि मध्येच लाइन गेली, तरी एडिटर पुढच्या वेळी उघडताना आपोआप जतन केलेली प्रत परत आणायची का, असं विचारतो. तरीही प्रत्येक धृपदानंतर वेगळ्या नावानं एक प्रत ठेवावी. चार्ट फाइल साधा मजकूर आहे, नोटपॅडमध्ये उघडते. ९६.५ बीपीएम तिथे ९६५०० असा दिसतो. दोन, उन्हाळा. मे महिन्यात पारा ४५च्या वर गेला की लॅपटॉप तापून वेग कमी करतो आणि एडिटरची पट्टी अडखळत सरकते. सेटिंगमध्ये फ्रेमची मर्यादा ६०वर आणा आणि लय बसवायचं काम पहाटे करा.

गाणं गेममध्ये दिसत नसेल तर गाणी पुन्हा स्कॅन करा आणि बॅडसॉंग्ज नावाची मजकूर फाइल उघडा. कोणत्या फोल्डरमध्ये काय कमी आहे ते तिथे लिहिलेलं असतं. बहुतेक वेळा आयएनआय फाइल नसते किंवा आवाजाच्या फाइलीचं नाव चुकलेलं असतं.

झाडीपट्टीच्या गाण्यांत दोन प्रकार पडतात. वाजवायच्या कीबोर्डच्या तयार ठेक्यावरचं गाणं एकाच बीपीएमवर शेवटपर्यंत जातं, संध्याकाळभरात चार्ट होतो. तबला-ढोलकीवरचं गाणं भजनासारखंच आवर्तनागणिक मोजावं लागतं. दोन्हीकडे मंडळाला विचारून मगच रेकॉर्डिंग घ्या आणि वाटा. सिनेमाच्या गाण्याची फक्त चार्ट आणि आयएनआय फाइल द्या, आवाज ज्यानं त्यानं आपला घालावा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना अख्ख्या फोल्डरची झिप करून डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

पहिला चार्ट करायचा असेल तर दोन-अडीच मिनिटांचं, कहरव्यातलं, एकच खंजिरी असलेलं भजन निवडा. शेवटची चढती लय त्या पहिल्या वेळी सोडून द्या, गाणं तिथेच फेड करा. लयीच्या खुणा मनासारख्या बसल्याशिवाय एकही नोट टाकू नका.