नागपूरच्या हिंगणा रोडवरचा कामाच्या कुत्र्यांचा ८ आठवड्यांचा फिटनेस कोर्स, पाखऱ्यासोबतचा अनुभव

कुत्र्याला फिट करायला पैसे मोजायचे हे आमच्या घरात कोणालाच पटलं नव्हतं. बाबा तर म्हणाले, "वावरातलं कुत्रं हाय ते, पयून पयून आपोआप तयार होते." मलाही आधी तसंच वाटायचं, पण मागच्या ऑक्टोबरमध्ये जे झालं त्यानंतर डोळे उघडले.

काटोलकडे आमची संत्र्याची बाग आहे, बाजूला तूर अन् हरभरा. पाखऱ्या आमचा कारवानी जातीचा कुत्रा, ४ वर्षांचा. उन्हाळाभर अन् पावसाळाभर तो घराजवळ बांधून असतो कारण मे मध्ये इकडे पारा ४५ च्या वर जातो, मग पावसात सगळा चिखल, कुठं फिरवणार. अन् ऑक्टोबर लागला की संत्र्याचा आंबिया बहार तोडणीला येतो, हरभरा पेरतो, रानडुकरं रात्री येऊन बियाणं उकरून खातात, रोही (नीलगायी) संत्र्याच्या फांद्या मोडून जातात, तर त्याला एकदम जागलीला (रात्रीच्या राखणीला) नेलं. तिसऱ्याच रात्री त्याच्या पुढच्या पंजाच्या गाद्या सोलल्या, रक्त निघालं, आठवडाभर लंगडत होता, अन् चूक त्याची नव्हती, इतके महिने बसलेल्या जनावराला मी रात्रभर धुऱ्यावर (बांधावर) पळवलं होतं.

म्हणून यंदा ऑगस्टपासून हा कोर्स लावला. फी ९ हजार, आठवड्यातून ३ दिवस सकाळी, बाकीचे दिवस घरी काय करायचं ते भाऊ (ट्रेनर) लिहून देतात. जागेचं नाव इथं टाकत नाही, कोणाला पाहिजे असेल तर मेसेज करा.

सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे कोर्सच्या आधी नाव घालायला गेलो त्याच दिवशी त्यांनी घ्यायलाच नकार दिला. म्हणाले आधी रक्ताचा रिपोर्ट आणा, गोचिडांचा सिझन आहे. सेमिनरी हिल्सच्या व्हेटर्नरी कॉलेजच्या दवाखान्यात तपासलं तर प्लेटलेट्स कमी, गोचिडांचा ताप. बाहेरून काहीच दिसत नव्हतं, जेवत होता, शेपूट हलवत होता, फक्त थोडा सुस्त, आम्ही म्हणायचो पावसानं आळशी झाला. २८ दिवस गोळ्या झाल्या, दुसरा रिपोर्ट चांगला आला, मगच सुरुवात. तसाच पळवला असता तर काय झालं असतं याचा विचारही करवत नाही.

पहिले दोन आठवडे फक्त चालणं. २० मिनिटं, मऊ मातीवर, बस. मला खरंच राग आला होता की एवढे पैसे देऊन नुसतं चालवतात. तेव्हा भाऊंनी नीट समजावलं की कुत्र्याचा दम लवकर वाढतो पण कंडरा (स्नायू हाडाला जोडणारे दोर), सांधे अन् पंजाच्या गाद्या तयार व्हायला आठवडे लागतात, म्हणून दम वाढला म्हणून लगेच पळवलं की दुखापत ठरलेली. तिसऱ्या आठवड्यापासून मुरूम अन् गिट्टीचा रस्ता, तोही रोज थोडा थोडा, गाद्या हळूहळू कडक व्हाव्या म्हणून. पाचव्यापासून छातीला रुंद पट्टा लावून मागं हलकी साखळी ओढत चालणं, गळ्याच्या पट्ट्याला नाही बरं का, त्यानं श्वास दाबतो. सिझनच्या आधीच कुत्रा तयार करायची ही पद्धत इंग्लंडच्या शिकारी कुत्रेवाल्यांची, तिकडे फेझंट पक्ष्याच्या शिकारीचा सिझन १ ऑक्टोबरला सुरू होतो तर ते लोक उन्हाळ्यापासूनच कुत्र्याला तयार करायला घेतात. आपल्याकडे १९७२ च्या कायद्यानं शिकार बंद आहे अन् ती बंदच पाहिजे, पाखऱ्याचं काम भुंकून सावध करायचं, मागं लागून धरायचं नाही, म्हणून शिटी वाजली की परत यायचं हे पण इथं पक्कं करून घेतात. कारवानीला हे शिकवणं सोपं नाही, डोळ्यानं काही पळताना दिसलं की याचे कान बंद होतात. पण आता दहापैकी आठ वेळा येतो.

गरमीच्या बाबतीत हे लोक फार कडक आहेत, अन् असलेच पाहिजेत. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच गरमी बाहेर जाते, अन् ऑगस्ट-सप्टेंबरच्या दमट हवेत तेही नीट होत नाही. नॉर्मल टेम्परेचर ३८ ते ३९ च्या आसपास, ४१ च्या वर गेलं की जीवावर बेततं. जीभ रुंद होऊन बाहेर लोंबली की लगेच थांबवायचे, सावलीत, पोटाला अन् मांड्यांना पाणी. एकदा बॅच सात वाजता सुरू झाली (भाऊंना उशीर झाला होता) तर ऊन वर आलं म्हणून सरळ कॅन्सल केली. पण तो दिवस नंतर भरून दिला नाही, ही माझी तक्रार आहे. तीनदा असं झालं. आमच्यासारखे लोक पाच वाजता उठून गाडी काढतात.

दुसरी तक्रार पोहण्याची. सांध्यांवर वजन न पडता दम वाढतो म्हणून पोहणं चांगलंच, पण त्यांचं टाकं एवढं लहान की पाखऱ्यासारख्या लांब कुत्र्याला दोन हात मारले की भिंत. लॅब्राडोर होते ते खुश होते. याच्यासाठी मला तरी काही उपयोग दिसला नाही.

जेवणाचं सांगितलेलं मात्र लगेच पाळा. पोट भरलेलं असताना पळवायचं नाही, खोल छातीच्या कुत्र्याचं पोट फुगून पिळा बसू शकतो अन् काही तासांत जीव जाऊ शकतो. व्यायामानंतर पूर्ण शांत झाला, तासभर गेला, की मग जेवण. आधी आम्ही त्याला भाकरी अन् ताक द्यायचो, आता त्यात अंडी, कोंबडीचे तुकडे, वरून थोडं तूप. सुरुवातीला वजन ३२ किलो होतं, शेवटी २८ झालं, अन् हात फिरवला की बरगड्या लागतात, पण हाडकुळा दिसत नाही.

१० ऑक्टोबरपासून जागलीला आहे. पंधरा रात्री झाल्या, एकदाही लंगडला नाही. बाबा आता रोज सकाळी स्वतः त्याचे पंजे उलटून बघतात, भेगा असल्या तर खोबरेल लावतात.

घरात नुसता शौकाला ठेवलेला कुत्रा असेल तर ९ हजार घालू नका, रोज सकाळी अंबाझरीकडे ४५ मिनिटं चालवला तरी भरपूर झालं. पण वावरात, गोदामावर रात्रभर काम करणारा असेल तर नक्की जा. जुलैतच जा, ऑगस्ट उशीर होतो. अन् पाण्याचं भांडं घरूनच न्या, तिथं सगळ्यांना एकच बादली आहे, हे त्यांना सांगून झालंय, अजून बदललं नाही.