ट्यून-टू-एफएस, दूरच्या सर्व्हरवर: चोख पण घुमं हत्यार

ट्यून-टू-एफएस म्हणजे लिनक्सच्या एक्स्ट घराण्यातल्या फाइल सिस्टिमची (डिस्कवर फाइली मांडून ठेवणाऱ्या व्यवस्थेची) सेटिंग्ज बदलणारी आज्ञा. या हत्याराशी माझी ओळख एक्स्ट-थ्रीच्या काळापासूनची. जर्नलिंग (बदलांची आधी नोंद ठेवण्याची सोय) असलेलं एक्स्ट-थ्री २००१च्या अखेरीस लिनक्सच्या मूळ कर्नलमध्ये, म्हणजे त्याच्या गाभ्यात, आलं. तेव्हा एक्स्ट-टूवरून तिथे जायचं म्हणजे ‘मायनस जे’ लावून ट्यून-टू-एफएसची एक ओळ टाकायची, तीही डिस्क माउंट (वापरासाठी जोडलेली) असताना, की जर्नल तयार. फॉरमॅट नाही, डेटा हलवणं नाही. फक्त मुळाशी ‘डॉट जर्नल’ नावाची एक जाडजूड फाइल उगवायची. हमखास कोणीतरी ती कचरा समजून उडवायला जायचं, आणि ती हलायची नाही. पुढच्या फाइल सिस्टिमच्या तपासणीत ती आठव्या आयनोडमध्ये (त्यासाठी राखीव नोंदीच्या जागेत) जाऊन गुपचूप बसायची. मी तेव्हाच याला मनातल्या मनात पाच तारे देऊन टाकले होते.

गेल्या महिन्यात त्यातला एक कापला. का, ते सांगते.

भाड्याचा आभासी सर्व्हर, एक्स्ट-फोर, एकच मोठा मूळ विभाग (रूट पार्टिशन). त्यावर डेटाबेस आणि सेशनच्या (लॉगिन केलेल्या माणसांच्या) लाखभर चिमुकल्या फाइली. रात्री बॅकअप सुरू झाला की ‘टॉप’ या आज्ञेतला ‘डब्ल्यूए’चा आकडा, म्हणजे डिस्कची वाट बघण्यात जाणारा वेळ, तिशीत (टक्क्यांत) जायचा. प्रोसेसर रिकामा, सगळे डिस्कच्या रांगेत. म्हटलं, डेटाबेस स्वतःची नोंदवही लिहितोच आहे, मग फाइल सिस्टिमने जर्नल लिहिण्याच्या ‘ऑर्डर्ड’ पद्धतीऐवजी ‘राइटबॅक’वर चालायला काय हरकत?

फरक थोडक्यात असा. ऑर्डर्डमध्ये आधी मजकूर डिस्कवर जातो, मग त्याच्या मेटाडेटाची (फाइलच्या नाव-पत्त्याच्या माहितीची) नोंद पक्की होते. राइटबॅकमध्ये हा क्रम पाळायचं बंधन नाही. नोंद आधी, मजकूर सवडीने. मध्येच वीज गेली तर फाइल सिस्टिम शाबूत राहते, पण फाइलच्या पोटात कोणाचा तरी जुना, पुसलेला मजकूर सापडू शकतो. तिसरा प्रकार ‘जर्नल’. त्यात मजकूरसुद्धा दोनदा लिहिला जातो. आधीच हाशहुश करणाऱ्या डिस्कवर तो नकोच.

आता माझी चूक. ट्यून-टू-एफएस हाताशी असताना मी एफएसटॅबमध्ये (कुठला विभाग कसा माउंट करायचा त्या यादीत) मूळ विभागापुढे ‘डेटा=राइटबॅक’ लिहिलं आणि मशीन रीबूट केलं. सावधगिरी म्हणून क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं करणाऱ्या सेवेत) सुटकेची तजवीजही केली होती: मशीन उठल्यावर दहा मिनिटांत मी लॉगिन केलं नाही, तर जुना एफएसटॅब परत ठेव आणि पुन्हा रीबूट कर. फार हुशारी वाटली होती स्वतःची.

पिंगला (मशीन जागं आहे का, या हाकेला) उत्तर येत होतं, दूरून लॉगिन करायचं एसएसएच मात्र नाही. सहाव्या मिनिटाला टीममधल्या पोराचा फोन. “ताई, साइट उघडत नाहीये. तुम्ही काही केलंत का?”

“केलंय. चार मिनिटं थांब, आपोआप परत येईल.”

आली नाही. कारण असं: कर्नल मूळ विभाग आधी केवळ वाचण्यापुरता माउंट करतं, तोही ऑर्डर्ड पद्धतीने. मग बूट करणारी प्रणाली एफएसटॅब वाचून तोच विभाग री-माउंट करून (पुन्हा जोडून) लिहिण्याजोगा करायला जाते, आणि एक्स्ट-फोर ठणकावतं की री-माउंट करताना डेटाची पद्धत बदलता येणार नाही. विभाग वाचण्यापुरताच राहतो. आणि वाचण्यापुरत्या विभागावर माझा क्रॉन जुना एफएसटॅब लिहिणार कसा? कपाटाची किल्ली कपाटात ठेवून कुलूप लावलं होतं मी.

मग ब्राउझरमधला कन्सोल, म्हणजे मशीनचा थेट पडदा. त्याचा कीबोर्ड कुठल्यातरी वेगळ्याच मांडणीचा. तिरकी रेघ दाबली की आडवी रेघ उमटायची. पेस्ट चालत नाही. शिफ्ट आणि सात दाबल्यावर एकदाची तिरकी रेघ सापडली. नुसतं ‘री-माउंट कर’ म्हटलं तर माउंट पुन्हा त्याच एफएसटॅबकडे बघतं आणि पुन्हा तोंडावर आपटतं. डिव्हाइस आणि फोल्डर दोन्ही स्पष्ट लिहिले की ते एफएसटॅबला विचारत नाही. तसं लिहिलं, विभाग उघडला, ती ओळ पुसली. एकूण पाऊण तास.

यात हत्याराचा दोष नाही, हे मान्य. ट्यून-टू-एफएसला ‘मायनस ओ’ (लहान ओ) देऊन राइटबॅक लिहिलं असतं, तर ते सुपरब्लॉकमध्ये (फाइल सिस्टिमच्या स्वतःच्या मुख्य नोंदीत) बसलं असतं आणि कर्नलने पहिल्याच माउंटला ते पाळलं असतं. दुसऱ्या दिवशी, मशीनची प्रतिमा काढून ठेवून, तेच केलं आणि सुरळीत झालं. तारा कापला तो त्याच्या गप्प बसण्यासाठी. आज्ञा दिली की स्वतःची आवृत्ती आणि तारीख छापतं, बस. बदल आत्ता लागू झाला की पुढच्या माउंटला होणार, अवाक्षर नाही. ‘मायनस एल’ (लहान एल) देऊन ‘डीफॉल्ट माउंट ऑप्शन्स’ची ओळ आपणच शोधायची. तीही पुढच्या माउंटचीच गोष्ट सांगते. चालू मशीनवर आत्ता काय आहे ते कळायला मी कर्नलच्या नोंदी चाळते.

जिथे बोलायला हवं तिथे मात्र ते बोलतं. चाचणीच्या मशीनवर जर्नल पूर्ण काढून बघायला गेले, तर लिहिण्याजोग्या माउंटवर त्याने साफ नकार दिला. दुसऱ्या एका विभागाची रिकव्हरी बाकी होती, तिथे ‘आधी ई-टू-एफएसके (फाइल सिस्टिम तपासणारी आज्ञा) चालव’ म्हणून परत पाठवलं. दूरच्या मशीनवर हा नकार सोन्यासारखा. मूळ विभागाचं जर्नल काढायचं तर रेस्क्यू मोडमध्ये (सर्व्हर वेगळ्या, तात्पुरत्या प्रणालीवर चालू करून) जाणंच बरं. तुमच्या भाड्याच्या सर्व्हरला रेस्क्यू मोड नसेल, किंवा असून तुम्ही तो एकदाही उघडून पाहिला नसेल, तर या वाटेला जाऊ नका. एक्सएफएस ही दुसरी फाइल सिस्टिम वापरणाऱ्यांनी तर हा परिच्छेद सोडूनच द्यावा, तिथे जर्नल बंद करायची सोयच नाही.

आणि एवढं करून वेग? राइटबॅकने ‘डब्ल्यूए’ तिशीतून पंचविशीपर्यंत आला असेल, एवढंच. खरा उतार पडला तो ‘नो-ए-टाइम’ (फाइल वाचल्याची वेळ नोंदवू नको) लावल्यावर आणि ‘कमिट’ (जर्नल किती वेळाने पक्कं करायचं) ५ सेकंदांवरून ३० केल्यावर. या दोन्ही गोष्टी चालू मशीनवर री-माउंट करून होतात, रीबूट नाही, कन्सोल नाही. वीज गेली तर अर्ध्या मिनिटाचं लिखाण जाऊ शकतं, पण डेटाबेस एफसिंक करून आपलं लिखाण डिस्कवर उतरवून घेतो, आणि सेशन गेलं तर माणूस पुन्हा लॉगिन करतो.

आठवड्याभराने मूळ विभाग मी मुकाट ऑर्डर्डवर परत नेला, ‘मायनस ओ’नेच. सेशनच्या फाइलींना वेगळी छोटी डिस्क दिली आणि राइटबॅक तिथे ठेवलं. तिथे एफएसटॅबमधली ओळ बिनतक्रार चालते, कारण तो मूळ विभाग नव्हे. रीबूटच्या आधी त्या पोराने विचारलं, “ताई, या वेळी किती मिनिटं थांबू?”