डगुपानचा मासळी बाजार आणि तिथली काटे काढून देण्याची सोय

फिलिपाइन्समधील लुझोन बेटावर, लिंगायेन आखाताच्या काठी, पांगासिनान प्रांतात डगुपान हे शहर वसलेले आहे. पुतणी तिथे वैद्यकीय शिक्षण घेत असल्यामुळे तिच्याकडे जाणे झाले. गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यातील आमच्या मासेमारी सहकारी संस्थेच्या कामात माझी उमेदीची वर्षे गेली असल्याने तिथला मॅगसेसे मासळी बाजार मी ग्राहकाच्या नजरेने पाहिला, तसा विकणाऱ्याच्या नजरेनेही पाहिला.

डगुपानला १९४७ साली शहराचा दर्जा मिळाला आणि २०२० च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या पावणेदोन लाखांच्या आसपास होती. शहर असले तरी त्याचा बराच भाग नद्यांनी आणि मत्स्यतळ्यांनी व्यापलेला आहे, आणि बाहेर पडले की आपल्या भागासारख्याच धानाच्या बांध्या लागतात. या तळ्यांत मुख्यतः बांगुस नावाचा चंदेरी मासा वाढवतात. तळे आधी कोरडे पाडून गाळ उन्हात तापू देतात, मग थोडेसे पाणी घेऊन तळाशी शेवाळाचा थर धरू देतात, आणि या थरावरच मासा चरतो. आमचे मामा (माजी मालगुजारी) तलाव पावसाच्या भरवशावर भरतात. तिथे भरतीचे पाणी फाटकातून आत घेता येते, ही त्यांची मोठी सोय आहे. बोनुआन भागातील बांगुस सर्वांत चवदार मानला जातो. आखूड शेपटी, बारीक खवले आणि चरबीने भरलेले पोट ही त्याची ओळख जाणकार सांगतात.

या माशाचा एकच मोठा दोष म्हणजे काटे. दोनशेहून अधिक बारीक काटे मांसात रुतलेले असतात आणि त्यांतले बरेच टोकाशी दुभंगलेले असतात. हा दोष दूर करण्याचे काम बाजारातच होते, आणि माझ्या मते या बाजाराचे खरे मोल त्यातच आहे. मासा निवडून दिला की ओट्यावर बसलेली बाई तो पोटाकडून न चिरता पाठीकडून चिरते आणि पुस्तकासारखा उघडते. पाठीचा कणा सुरीने सोडवून घेतल्यावर ती बोटाचे टोक मांसावरून हलकेच फिरवते, काट्याचे टोक जिथे लागेल तिथे चिमटा टेकवते आणि काटा ज्या दिशेने रुतला असेल त्याच दिशेने ओढते, म्हणजे मांस फाटत नाही. पाठीकडची ओळ झाली की मधली, मग पोटाकडची, असा तिचा क्रम ठरलेला असतो. मासा शेवटपर्यंत अखंड राहतो. एप्रिलमधील बांगुस उत्सवात हेच काम कोण सर्वांत जलद करतो याची स्पर्धाही होते, यावरून त्या शहराला या हातकामाची किती कदर आहे ते दिसते.

पुतणीने असाच एक मासा सिरका, लसूण आणि मिऱ्यांत मुरवून तळला आणि दुसऱ्याचा चिंचेचा आंबट रस्सा केला. "काकाजी, काटा नाही, निश्चिंत खा," असे तिने सांगितले तरी पहिले काही घास सवयीने जपूनच खाल्ले गेले. एकही काटा लागला नाही. आंबट रस्सा आणि गरम भात ही जोडी आपल्या भागातील माणसाला परकी वाटणार नाही. मात्र आपल्यासारखे तिखट त्यात नसते.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. भर भरतीच्या वेळी शहरातील सखल रस्त्यांवर पाणी येते आणि बाजारात पायाखाली चिखल होतो. दुसऱ्या गावचा बांगुस बोनुआनचा म्हणून खपवला जातो, ही तक्रार तिथले लोकच करतात, आणि नवख्या माणसाला हा फरक ओळखता येत नाही. शहरातील एका खानावळीत तर काटे काढलेला म्हणून वाढलेल्या माशात पोटाकडची ओळ तशीच होती. सांगितल्यावरही तिथे कोणी लक्ष दिले नाही, म्हणून माझा सल्ला बाजारातूनच मासा घेण्याचा आहे.

आपल्याकडे ढिवर बांधव तलावातून रोहू-कटला काढतात आणि मासा काठावरच ठोक व्यापाऱ्याच्या वजनकाट्यावर चढतो. पुढची सगळी कमाई व्यापाऱ्याची असते. काट्यांच्या भीतीने घरची मुले मासा खात नाहीत, अशी तक्रार आठवडी बाजारात मी नेहमी ऐकतो. रोहूचे काटे काढणे सोपे नाही हे मान्य, परंतु डगुपानमध्येही हे कौशल्य शिकवले आणि शिकले गेले आहे. बोनुआनमध्ये मत्स्यबीज तयार करणारे सरकारी तंत्रज्ञान केंद्र असून मासळीच्या प्रक्रियेचे कामही तिथे चालते. आपल्या संस्थांनी महिला बचत गटांना असे प्रशिक्षण मिळवून द्यावे, असे मला मनापासून वाटते, कारण मासा तोच राहून गावात उरणारा पैसा त्यामुळे वाढू शकतो.

मुलांना भेटायला जाणाऱ्या पालकांनी बाजारात सकाळीच जावे आणि निघण्यापूर्वी भरतीची वेळ विचारून घ्यावी. आधीच साफ करून ठेवलेला मासा न घेता अख्खा मासा निवडून समोरच काटे काढून घ्यावेत, आणि पोटाकडच्या ओळीवरून स्वतः बोट फिरवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.