मेडिकेअर की मेडिकेड? अमेरिकेतल्या नर्सिंग होमचा खर्च कोण उचलतं

आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे डॉक्टरांचं दहा-वीस खाटांचं हॉस्पिटल. अमेरिकेत त्याच शब्दाचा अर्थ म्हातारपणी, हातपाय चालेनासे झाल्यावर राहायची जागा. त्यात भर म्हणजे खर्च देणाऱ्या दोन सरकारी योजनांची नावंही जुळ्या भावांसारखी. दोन्ही १९६५ सालच्या, स्वभाव मात्र अगदी वेगळे.

मेडिकेअर वय बघते (मुख्यतः ६५ च्या पुढचे) आणि ती केंद्र सरकारची. मेडिकेड खिसा बघते. ती केंद्र आणि राज्य मिळून चालवतात, म्हणून कॅलिफोर्नियात तिचं नाव मेडी-कॅल आणि नियमही राज्यागणिक बदलतात. आईला किंवा बाबांना नर्सिंग होममध्ये ठेवायची वेळ आली तर आधी एवढंच ठरवा: त्यांना आजारातून उठवायचं आहे की कायमचं सांभाळायचं आहे?

उठवायचं असेल, म्हणजे खुब्याचं ऑपरेशन झालंय आणि रोज फिजिओथेरपी हवी, तर मेडिकेअर. पहिले २० दिवस पदरचं काही द्यावं लागत नाही. २१ ते १०० दिवसांसाठी २०२५ च्या दराने रोज २०९.५० डॉलर तुमचे. त्यानंतर त्या आजारपणापुरतं मेडिकेअर काहीच देत नाही. हे १०० दिवस हक्काचे आहेत असं बरेच जण धरून चालतात. तसं नाही. नर्सची किंवा थेरपिस्टची कुशल सेवा रोजच्या रोज लागते आहे तोवरच ते मिळतात. मात्र ‘आता सुधारणा थांबली’ एवढंच कारण देऊन ते बंद करता येत नाहीत. आहे ती तब्येत टिकवायलाही कुशल सेवा लागत असेल तर ती मिळते, हे २०१३ मध्ये न्यायालयीन तडजोडीतून स्पष्ट झालं. बंद करण्याची नोटीस हातात पडली तर लगेच अपील करा, मुदत फार थोडी असते.

खरा सापळा त्याच्याही आधी आहे. मूळ, म्हणजे थेट सरकारी मेडिकेअरमध्ये नर्सिंग होमच्या आधी हॉस्पिटलात सलग तीन दिवस ‘इनपेशंट’ (रीतसर दाखल) असावं लागतं, आणि हॉस्पिटलातून सोडण्याचा दिवस त्यात धरत नाहीत. खाट तीच, सलाइन तेच, पण कागदावर ‘ऑब्झर्वेशन’ (नुसतं देखरेखीखाली) लिहिलं असेल तर ते दिवस मोजत नाहीत. म्हणून दाखल झाल्या दिवशीच विचारा, रोज विचारा, डॉक्टर कंटाळले तरी चालेल. (खासगी कंपन्यांच्या मेडिकेअर अ‍ॅडव्हांटेज योजना ही अट बऱ्याचदा सोडतात, पण आधी मंजुरी मागतात.)

सांभाळायचं असेल, म्हणजे आंघोळ घालायला, भरवायला, रात्री उठवायला माणूस हवा असेल, तर एकट्या त्यासाठी मेडिकेअर एक पैसा देत नाही. तिथे मेडिकेड. खोली, जेवण, शुश्रूषा सगळं, आणि दिवसांची मर्यादा नाही. किंमत वेगळ्या रूपात मोजावी लागते. बहुतेक राज्यांत एकट्या माणसाची शिल्लक २,००० डॉलरपर्यंत उतरावी लागते आणि पेन्शन जवळजवळ सगळं संस्थेकडे जातं. हातखर्चाला महिना ३० डॉलर ही केंद्राची किमान रक्कम, काही राज्यं जास्त देतात. घरी राहिलेल्या जोडीदाराला मात्र उघड्यावर टाकत नाहीत. २०२५ च्या मर्यादेनुसार, राज्य बघून, कमाल १,५७,९२० डॉलरपर्यंतची मालमत्ता त्याच्याकडे राहू शकते, आणि तो राहतो ते घरही.

‘मग घर आत्ताच मुलाच्या नावावर करू’ हा घरोघरीचा सल्ला इथे अंगाशी येतो. बहुतेक राज्यं मागच्या ६० महिन्यांत फुकट दिलेली मालमत्ता तपासतात आणि तिच्या किमतीच्या हिशेबाने काही काळ मेडिकेडची मदत अडवतात. मृत्यूनंतर वारशातून वसुलीचा प्रयत्नही होतो. वकिलाची फी इथे वाचवू नये, असं माझं मत.

मुलांनी बोलावून घेतलेल्या आईवडिलांचं आणखी अवघड. मुलाने वीस वर्षं भरलेला कर त्यांच्या मेडिकेअरच्या खात्यावर लागत नाही. ग्रीन कार्डवर सलग पाच वर्षं राहिल्यावर हप्ता भरून ती घेता येते, आणि हप्ता जबर असतो. मेडिकेडलाही साधारण पाच वर्षांची वाट.

दोन्हींपैकी एकच निवडायची असंही नाही. दोन्ही असतील तर मेडिकेअरमध्ये तुम्ही भरायचा वाटा मेडिकेड उचलू शकते, आणि डॉक्टरांच्या तपासणीचे पैसे १०० दिवसांनंतरही मेडिकेअरचा भाग बी (तिचा डॉक्टरांच्या खर्चाचा हिस्सा) देत राहतो. म्हणून जागा बघायला जाल तेव्हा बाग आणि जेवणघर नंतर बघा. ही खाट दोन्ही योजनांसाठी प्रमाणित आहे का, हे आधी विचारा. नाहीतर मेडिकेअर संपलं की आईला खाटच बदलावी लागू शकते.