टूर्नामेंट की कॅश टेबल: आठ महिने खेळून, वहीत रुपया न् रुपया लिहून

इंदूरच्या कापड मार्केटात मी हिशेब लिहितो, म्हणून पोकरचीही वही ठेवली. जानेवारी ते ऑगस्ट २०२५, दर बैठकीची एक ओळ: किती घेऊन बसलो, किती घेऊन उठलो, किती डाव झाले. २२ ऑगस्टला ऑनलाइन गेमिंगच्या नव्या कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली आणि पैशांची टेबलं बंद पडली. माझे उरलेले १,४६० रुपये चार दिवसांत बँकेत आले, त्याबद्दल तक्रार नाही. वही कपाटात ठेवून दिली होती. ती पुन्हा काढली भाच्यामुळे. नुकताच नोकरीला लागलाय, फुकटच्या चिप्सवर (पैशांऐवजीच्या चकत्यांवर) पोकर शिकतोय. परवा फोनवर म्हणाला, "मामा, टूर्नामेंट खेळू की कॅश?" टूर्नामेंट म्हणजे एकदा प्रवेश-फी भरून चिप्स संपेपर्यंत टिकायचं, वरच्या काही जणांना बक्षीस; कॅश म्हणजे चिप्स हेच पैसे, वाटेल तेव्हा उठायचं. फोनवर धड उत्तर देता आलं नाही.

मी टूर्नामेंटनं सुरुवात केली. प्रवेश ५५ रुपयांचा, त्यातले ५० बक्षिसात आणि ५ ॲपला. गेले तर ५५ जातील हे बसायच्या आधीच ठाऊक, आणि तेवढ्यात दोन-अडीच तास खेळ. सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊगल्लीत, दोघांनी गराडू आणि भुट्ट्याचा कीस खाल्ला तरी याहून जास्त होतात. शिवाय क्रिस मनीमेकर या हौशी खेळाडूची गोष्ट डोक्यात असतेच: ८६ डॉलरच्या सॅटेलाइटमधून (मोठ्या स्पर्धेचं तिकीट जिंकायच्या छोट्या टूर्नामेंटमधून) शिरला आणि २००३ च्या पोकरच्या वर्ल्ड सिरीजच्या मुख्य स्पर्धेत ८३९ जणांत पहिला येऊन २५ लाख डॉलर घेऊन गेला.

फेब्रुवारीत २४ टूर्नामेंट झाल्या. १,३२० गेले, तीनदा बक्षिसात आलो, ८४५ परत मिळाले. ४७५ चा तोटा मी शिकायची फी म्हणून मांडला, त्याचं दुःख नव्हतं. दुःख हे की त्या पैशात शिकायला फार थोडं मिळालं. सुरुवातीला १०,००० चिप्स, ब्लाइंड (दर डावात दोघांनी पानं बघायच्या आधी सक्तीनं टाकायच्या चिप्स) ५०-१००, आणि दर सहा मिनिटांनी वाढ. तासाभरात ब्लाइंड ५००-१,००० वर. चिप्स तेवढ्याच राखल्या तरी शंभर मोठ्या ब्लाइंडचा स्टॅक, म्हणजे चिप्सचा साठा, दहावर आलेला असतो. मग ऑल-इन (सगळ्या चिप्स लावायच्या) की फोल्ड (पानं टाकायची), एवढंच ठरवायचं. फ्लॉपनंतर (टेबलावर सगळ्यांसाठी उघडतात ती पहिली तीन पानं) समोरच्याची बेट कशी वाचायची, टर्नला (चौथ्या पानाला) थांबायचं की दामटायचं, हे शिकायची वेळच येत नाही. आणि रात्री नऊची टूर्नामेंट एक वाजता संपणार. मित्र अकराला सराफ्यात बोलवत, मला उठता येत नसे.

एप्रिलमध्ये जे झालं ते मी अजून विसरलेलो नाही. अकरा जण उरले होते, नऊ जणांना बक्षीस. अवकाळी वादळ आलं, रामबागेतली वीज गेली, वायफाय गेलं. मोबाइल डेटावरून आत शिरायला चार मिनिटं लागली, कारण ॲप पुन्हा पुन्हा ओटीपी मागत राहिलं. तेवढ्या वेळात ब्लाइंड माझ्या चिप्स खात होते. नंतर डावांची नोंद उघडून पाहिली तर त्यात राण्यांची जोडी होती, आपोआप फोल्ड झालेली. अकरावा आलो. सर्व्हिसवाल्यांशी तीन आठवडे लिखापढी केली. दर वेळी तेच छापील उत्तर: नेटवर्क तुमच्या बाजूचं होतं. वादळ माझ्या बाजूचं, मान्य. ओटीपी कोणाच्या बाजूचा? ५५ रुपये परत मिळाले नाहीत ते नाहीतच.

कॅश टेबलावर वीज गेली तर चालू डाव जातो, बाकीचे पैसे तसेच राहतात. त्या रागातच मे महिन्यात मी कॅशकडे वळलो. सगळ्यात लहान टेबल, १-२ चे ब्लाइंड, २०० रुपये घेऊन बसायचं. आणि खरंच, पोकर मला तिथं कळायला लागलं.

एक डाव वहीत पूर्ण उतरवलाय. माझ्याकडे सत्तीची जोडी. समोरच्याने ६ केले, मी कॉल, म्हणजे तेवढेच लावले. फ्लॉप राजा, सत्ती, दुर्री. हातात जोडी असताना फ्लॉपला तिसरं पान लागण्याची शक्यता साधारण १२ टक्के, म्हणजे आठदा वाट पाहावी तेव्हा एकदा. ती वाट परवडते ती मागे दोनशे रुपये असतात म्हणून. दहा ब्लाइंडच्या स्टॅकवर हा कॉल चूकच ठरतो. त्याने १० लावले, टर्नला २५, मी दोन्हीला कॉल; रिव्हरला (पाचव्या, शेवटच्या पानाला) ६०. मी उरलेले सगळे १५९ पुढे सरकवले. त्याने कॉल करून एक्का-राजा दाखवला, म्हणजे राजांची जोडी; माझ्या तीन सत्त्या वरचढ. पॉट (मधे जमलेले सगळे पैसे) ४०३ चा.

माझ्याकडे आले ३८३. वीस रुपये रेक, म्हणजे ॲपचा कट.

त्या रात्रीपासून वहीत रेकचा वेगळा रकाना आखला. पॉटचे ५ टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. मे महिन्याची बेरीज अशी: ३,००० डाव, तोटा ३१०, जिंकलेल्या पॉटमधून गेलेला रेक ५४०. म्हणजे समोरच्या माणसांविरुद्ध मी २३० नं पुढे होतो आणि तरी हरलो! टूर्नामेंटमध्ये ॲपचे ५ रुपये पावतीवर दिसत. इथे दर पॉटमधून चिमूट-चिमूट जाई आणि स्क्रीनवर कोणाचं लक्षही नसे. त्याच्या आधी खात्यात पैसे भरतानाच तेव्हा २८ टक्के जीएसटी होता: हजार भरले की २१८ रुपये ७५ पैसे सरकारचे. जिंकून काढायला गेलात तर निव्वळ जिंकलेल्यावर ३० टक्के टीडीएस आणखी होता.

रेकनं मला सुधारलं, हेही लिहायला हवं. फ्लॉप आला नाही तर रेक नाही, हा नियम होता. म्हणून फुटकळ पानांवर कॉल करून फ्लॉप बघायची सवय सोडली, चांगल्या पानांवर आधीच रेझ करू (म्हणजे रक्कम वाढवू) लागलो. जुलैत २,६०० डाव, रेक ३५१, आणि ११८ चा नफा. सगळ्या वहीतला तो एकच नफ्याचा महिना.

तेव्हा हे उत्तर ऑगस्टपर्यंत पक्कं होतं: नवशिक्यानं कॅश खेळावी, सगळ्यात लहान टेबलावर, रेक मोजत.

भाच्यासाठी ते बदलावं लागतंय. फुकटच्या चिप्सच्या कॅश टेबलावर मी आठवडाभर बसून पाहिलं. कोणी फोल्डच करत नाही, संपल्या की पुन्हा फुकट मिळतात. तिथं बेट वाचणार काय? फुकटच्या टूर्नामेंटमध्ये निदान बाद व्हायची भीती असते, माणूस पानं टाकतो. म्हणून ॲपवर त्यानं टूर्नामेंटच खेळावी, ब्लाइंड सावकाश वाढणारी निवडून.

आणि कॅशसाठी रविवारी आमच्याकडे यावं. मार्केटातून बटणं आणलीत, पांढरं एकाचं, निळं पाचाचं. पैसे नाहीत. प्रत्येकाला २०० ची बटणं एकदाच दिली, आणि शिल्लक वहीत पुढच्या रविवारी ओढतो. संपली तर महिना संपेपर्यंत नवीन नाहीत. तीन रविवार झाले, सगळे नीट विचार करून फोल्ड करतात. भाचा ३४० वर आहे, मी ११५ वर.