जुन्या गाडीचे १३ चे टायर काढून १४ चे टाकले: आठ महिने, अकरा हजार किलोमीटर

आधी गाडी सांगते. १९९८ ची छोटी हॅचबॅक, बाबांनी घेतलेली, आता माझ्याकडे. पॉवर स्टीअरिंग नाही, एबीएस नाही, १३ इंची लोखंडी रिम आणि टायर १७५/७० आर १३. मॉडेल मुद्दाम लिहीत नाहीये, नाव घेतलं की सगळे इंजिनावरच बोलायला लागतात, आणि मला जे सांगायचंय ते असल्या कुठल्याही जुन्या गाडीला लागू पडतं.

जुने टायर दिसायला धडधाकट होते. नक्षी पाच मिलिमीटर शिल्लक, म्हणजे १.६ ची जी खूण टायरच्या खाचेत असते तिच्यापासून कितीतरी लांब. पण साइडवॉलवर (टायरच्या बाजूच्या भिंतीवर) बारीक बारीक भेगा, आणि पावसात ब्रेक दाबला की गाडी साबणावरून गेल्यासारखी जायची. गाडी मधली तीन वर्षं जवळपास उभीच होती आणि मला वाटायचं की चालली नाही म्हणजे टायर वाचले. उलट असतं. रबरात भेगा पडू नयेत म्हणून जे मेण घातलेलं असतं ते टायर फिरताना, दबताना हळूहळू पृष्ठभागावर येत राहतं, गाडी उभी राहिली की ते येणं थांबतं आणि रबर नुसतंच वाळत बसतं. तारीख बघितली तर टायर अकरा वर्षांचे निघाले. मिशेलिनचा सल्ला असा आहे की पाच वर्षांनंतर दरवर्षी टायर तपासून घ्या आणि दहा वर्षं झाली की कसेही दिसत असले तरी काढा. माझे त्यातही नापास.

तारीख कशी बघायची ते माहीत नसेल तर, साइडवॉलवर डॉट लिहिलेलं असतं त्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. एका बाजूला हे आकडे नसतील तर दुसऱ्या बाजूला असतात, टायर बसवलेला असेल तर गाडीखाली डोकं घालावं लागतं. आणि चारऐवजी तीनच आकडे दिसले तर तो टायर २००० च्या आधीचा आहे, त्याला हात लावू नका.

आता शोध. १३ चा टायर मिळत नाही असं नाही, मिळतो. पण नव्या गाड्यांना माझी १७५/७० ची साइज जवळपास जातच नाही, त्यामुळे निवड कमी आणि जे आहे ते गोडाऊनमध्ये पडून. एका ठिकाणी मला जो टायर दाखवला त्यावर सहा वर्षांपूर्वीचा कोड. मी म्हटलं काका हा तर जुना आहे, तर ते म्हणाले, "ताई, जुना कुठे, एक किलोमीटर पण चाललेला नाही." त्यांच्या जागी ते बरोबरच असतील, नीट ठेवलेला टायर बाहेर उन्हात उभ्या गाडीच्या टायरपेक्षा बरा राहतो हे खरं, पण नवा म्हणून पैसे देऊन मी सहा वर्षं आधीच संपलेली वस्तू का घेऊ? दुसऱ्या ठिकाणी दोन ताजे होते आणि दोन नव्हते. तिसऱ्याने १६५ चा घ्या म्हणून आग्रह धरला, सगळे घालतात म्हणे. त्याचा लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) बघितला तर कमी, माझ्या गाडीला ८२ सांगितलाय म्हणजे एका टायरवर ४७५ किलो, त्याचा ७९ होता म्हणजे ४३७. चार माणसं आणि सामान घेऊन जाणारी गाडी आहे, नको म्हटलं.

तीन आठवडे असे गेल्यावर डोक्यात आलं की मी टायर शोधतेय ते चुकतंय, चाकच बदललं तर टायरचा प्रश्न सुटतो. १४ इंचात ताजा माल मिळायला अडचण नाही.

इथे थोडं गणित आहे, कंटाळा करू नका, सगळा खेळ ह्यातच आहे. १७५/७० आर १३ म्हणजे रुंदी १७५, साइडवॉलची उंची तिच्या ७० टक्के म्हणजे १२२.५ मिलिमीटर, वर आणि खाली मिळून २४५, त्यात १३ इंच म्हणजे ३३०.२ मिळवले की पूर्ण चाकाचा व्यास ५७५.२. आता १८५/६० आर १४ घ्या, साइडवॉल १११, दोनदा २२२, अधिक ३५५.६, झाले ५७७.६. फरक अडीच मिलिमीटरपेक्षा कमी, अर्धा टक्कासुद्धा नाही, स्पीडोमीटरला कळत पण नाही. लोड इंडेक्स परत ८२. तेच १७५/६५ आर १४ घेतला असता तर ५८३ आला असता, तो पण चालण्यासारखा आहे पण माझ्या गाडीत आत जागा कमी. १५ इंच घालू नका असं मला तिघांनी सांगितलं आणि चौथ्याने घालाच म्हणून सांगितलं, चौथ्याकडे १५ चे विकायला होते.

मग रिम. नवे अलॉय (ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे रिम) जुन्या गाडीच्या मापाचे फार नसतात, म्हणून वापरलेले घ्यायचे ठरवले. चार गोष्टी जुळायला लागतात आणि विकणारा त्यातली एकच सांगतो, ती म्हणजे पीसीडी, नट ज्या वर्तुळावर बसतात त्याचा व्यास. माझा ४×१००. चार भोकांच्या चाकात समोरासमोरच्या दोन भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजलं की झालं, पाच भोकांत असं सरळ मोजता येत नाही कारण समोर भोकच नसतं. सावध कुठे राहायचं तर ४×९८ पण असतो, आणि तो ४×१०० वर चढतो! नट पण लागतात. फक्त प्रत्येक नट एक मिलिमीटर तिरका ओढला जातो आणि पुढे कधीतरी तो स्टड (नट ज्यावर कसतात तो आट्यांचा दांडा) तुटतो किंवा नट सैल होतो. बघून कळत नाही, मोजूनच कळतं.

दुसरी गोष्ट ऑफसेट, म्हणजे रिमच्या रुंदीच्या मध्यापासून हबला (चाक ज्यावर बसतं त्या भागाला) टेकणारा पाट किती मिलिमीटर लांब आहे ते. रिमच्या आतल्या बाजूला ईटी लिहून आकडा असतो. माझे लोखंडी होते ५जे (रुंदी पाच इंच) ईटी४५. पहिला सेट मी बघितला तो ६जे ईटी३५, विकणारा म्हणाला बसतात, आणि बसतातच, प्रश्न तो नाहीये. रुंदी एक इंचाने वाढली त्यातली अर्धी बाहेर म्हणजे १२.७, ऑफसेट दहाने कमी म्हणजे अजून दहा बाहेर, चाक जवळजवळ २३ मिलिमीटर बाहेर येणार. मडगार्ड खाल्लं असतं त्याने. शेवटी घेतले ते ५.५जे ईटी३८, हिशोबाने १३ मिलिमीटर बाहेर. तरी चार माणसं बसली आणि मोठा खड्डा आला की मागे उजवीकडे घासल्याचा आवाज यायचा, दोन रविवार शोधल्यावर कळलं की आतल्या प्लॅस्टिकच्या अस्तराचा एक स्क्रू बाहेर आलेला होता. तो चपट्या डोक्याचा टाकला, आवाज बंद.

वापरलेले अलॉय घेताना टायर न चढवता आधी नुसते रिम बॅलन्सिंगच्या मशीनवर फिरवून बघा, वाकलेला असेल तर काठाकडे बघितलं की डोळ्यांना दिसतं. मी पाच बघितले, त्यातला एक डुलत होता आणि एकाला आतून वेल्डिंग केलेलं होतं, वरून रंग. तो परत दिला आणि अजून एक शोधायला महिना गेला.

आता खरी कथा. सगळं बसवलं, बॅलन्सिंग केलं, गाडी काय दिसतेय म्हणून चार फोटो काढले, हायवेला गेले आणि ८० ला स्टीअरिंग थरथरायला लागलं. ९५ पर्यंत थरथर, शंभरच्या पुढे कमी. परत बॅलन्सिंग. तसंच. दुसरीकडे बॅलन्सिंग. तसंच, वर त्यांनी सांगितलं की अलाइनमेंट गेलंय. अलाइनमेंट केलं. तसंच. मग एका गॅरेजने सांगितलं की ताई, सस्पेन्शनचे रबरी बुश गेलेत, गाडी जुनी आहे, आता असंच असणार. हे "गाडी जुनी आहे" म्हणजे न सापडलेल्या प्रत्येक बिघाडाचं उत्तर आहे, आणि मी ते जवळजवळ मानलं होतं.

बुश चांगले होते. दोष होता तिसऱ्या मापात जे मी बघितलंच नव्हतं, मधलं भोक. लोखंडी रिमचं मधलं भोक हबवर घट्ट बसायचं, हबचं माप ५४.१ मिलिमीटर. अलॉयवाले एकच रिम पुष्कळ गाड्यांना चालावा म्हणून भोक मोठं ठेवतात, माझ्यात ६७.१. म्हणजे चारी बाजूंनी साडेसहा मिलिमीटर मोकळं. मग चाक मध्यावर आणायचं काम एकट्या नटांचं, आणि गाडी जमिनीवर असताना एक नट पूर्ण कसला की चाक केसभर एका बाजूला सरकून बसतं. मशीनवर चाक मध्यभागी धरलेलं असतं म्हणून बॅलन्स शून्य दाखवतो, गाडीवर तेच चाक केसभर बाजूला. बॅलन्सिंगवाले खोटं बोलत नव्हते, त्यांच्याकडे दोष दिसूच शकत नव्हता.

ह्यावर इलाज प्लॅस्टिकची रिंग, बाहेरून ६७.१ आतून ५४.१, चार नग. ह्या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात स्वस्त वस्तू. गाडी जॅकवर असतानाच रिंग घालून नट समोरासमोर थोडे थोडे कसले, मग खाली उतरवून टॉर्क रेंचने (ठरावीक जोर लावता येणाऱ्या पान्याने) मॅन्युअलप्रमाणे १०० न्यूटन मीटर. थरथर गेली ती गेली, आठ महिन्यांत परत नाही. ऐंशी किलोमीटर चालवून परत रेंच लावला तर एक नट पाव फेरा फिरला, म्हणून हे परत तपासणं सोडू नका.

चौथी गोष्ट नट. अलॉयचा पाट जाड असतो, लोखंडी रिमचे नट लावून बघितले तर पाचच फेरे बसत होते. माझे स्टड १२ मिलिमीटरचे, दीडच्या आट्याचे, निदान आठ फेरे बसायला हवेत (स्टडच्या जाडीइतकी पकड असा साधा हिशोब). म्हणून अलॉयचे वेगळे नट घेतले. पण ते नट लोखंडी स्टेपनीला लागत नाहीत, तेव्हा जुने चार नट एका पिशवीत घालून स्टेपनीलाच बांधून ठेवलेत. हे आधी सुचलं नाही तर रात्री पंक्चर झाल्यावर सुचतं.

एक चाक आठवड्याला चार-पाच पीएसआय हवा सोडायचं. पंक्चर नाही, पाण्यात बुडवल्यावर बुडबुडे रिमच्या काठातून. जुन्या अलॉयला टायर जिथे टेकतो तिथे पांढरी बुरशीसारखी पूड धरते, ती तारेच्या ब्रशने घासून काढली, सीलर लावला, व्हॉल्व्ह पण नवे टाकले, आता महिन्याला एकदा बघितलं तरी चालतं.

तर आठ महिन्यांनंतर. पावसात ब्रेक, हे एकच कारण पुरेसं आहे. जिथे आधी पोटात गोळा यायचा तिथे गाडी सरळ थांबते, पण हे १४ मुळे नाही, ताज्या रबरामुळे, ताजे १३ मिळाले असते तरी हेच झालं असतं. वळणावर गाडी कमी झुकते. खड्डे जास्त लागतात, साइडवॉल साडेअकरा मिलिमीटरने कमी झालीये आणि ती पाठीला कळते. पार्किंगमध्ये स्टीअरिंग जड झालंय, पहिला आठवडा खांदे दुखले. ईटी कमी झाल्यामुळे एक चाक खड्ड्यात गेलं की स्टीअरिंग आधीपेक्षा ओढतं पण. मायलेज थोडं कमी, नक्की किती ते सांगत नाही कारण मी एसी पण जास्त वापरते आता. अलॉय हलके असतात असं ऐकून होते म्हणून घरातल्या वजनकाट्यावर ठेवून बघितले, लोखंडी चाक टायरसकट साडेबारा किलो, नवं साडेतेरा! नक्षी पुढे ६.६ आणि मागे ७.३ मिलिमीटर शिल्लक, नवीन होते तेव्हा आठ. इंजिन पुढची चाकं फिरवतं अशी गाडी आहे, आता पुढचे मागे करून घेणार.

परत करायचं झालं तर? चार ताजे १३ मिळत असतील तर मी १४ च्या वाटेला जाणार नाही. दिसायला छान आहेत, सगळे विचारतात, पण मी हे दिसण्यासाठी केलं नव्हतं.

आणि ज्यांची गाडी अजून जुनी आहे त्यांनी रिमवर नुसता आकडा वाचून टायर आणू नका. मित्राकडे एक ऐंशीच्या दशकातली गाडी आहे तिचे रिम मिशेलिनच्या टीआरएक्स पद्धतीचे, माप ३९० मिलिमीटर, इंचात १५.३५. त्यावर १५ चा टायर बसतच नाही, काठाचा आकारच वेगळा, आणि जबरदस्ती करायची वस्तू ही नाही. त्याला एकतर तोच खास टायर शोधावा लागतो नाहीतर चारी रिम बदलावे लागतात. तसंच फार जुन्या रिमला आत तो छोटा उंचवटा नसतो, ज्याच्यामुळे ट्यूबलेस टायर जागेवरून सरकत नाही. रिमवर ५जे×१३ एच२ असं काही लिहिलेलं असेल तर त्यातला एच म्हणजे तोच. नसेल तर ट्यूब घाला.

स्टेपनी मात्र तशीच आहे. नवं चाक डिकीतल्या खड्ड्यात ठेवलं तर वरचं झाकण बसत नाही, म्हणून जुना लोखंडी रिमच ठेवलाय, व्यास सारखा असल्यामुळे तेवढ्यापुरता चालतो. परवा हवा बघताना त्याचा कोड वाचला, ०८०९. म्हणजे १३ इंचाचा एक ताजा टायर अजून शोधतेच आहे.