खारपाणपट्ट्यातलं युनिट: स्टेनलेस पुरेल की निकेल अलॉय लागेल?

संत्र्याचा पल्प आटवायचं युनिट असो, छोटा इथेनॉल प्लांट असो की पऱ्हाटीच्या ब्रिकेटवर चालणारा बॉयलर, तालुक्याच्या एमआयडीसीत काहीही उभं करायला घेतलं की दोन टोकांची कोटेशनं हातात पडतात. एक फॅब्रिकेटर सगळं 304 मध्ये, म्हणजे सगळ्यात जास्त खपणाऱ्या स्टेनलेसच्या ग्रेडमध्ये देतो. दुसरा म्हणतो, "पाणी खारं आहे, निकेल अलॉय टाका, पुन्हा बघायला नको." दोघांच्या भावात कित्येक पटींचा फरक. माझं मत आधीच सांगतो: पाण्याचा रिपोर्ट आणि धातूचं तापमान हे दोन आकडे मिळेपर्यंत दोन्ही कोटेशनं बाजूला ठेवा. बहुतेक ठिकाणी योग्य ग्रेडचं स्टेनलेस पुरतं. निकेल अलॉय लागतं ते मोजक्या भागांना, पण तिथे मात्र त्याला पर्याय नसतो.

स्टेनलेस म्हणजे मुळात लोखंडच, त्यात किमान 10.5 टक्के क्रोमियम. या क्रोमियममुळे पृष्ठभागावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर बसतो आणि तोच गंज थोपवतो. 304 मध्ये साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं. 316 मध्ये वर 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनम पडतं. निकेल अलॉयमध्ये पारडं उलटं झुकतं. इन्कोनेल 625 मध्ये निकेल किमान 58 टक्के, क्रोमियम 20 ते 23 आणि मॉलिब्डेनम 8 ते 10 टक्के. हॅस्टेलॉय सी-276 मध्ये मॉलिब्डेनम 15 ते 17 टक्क्यांपर्यंत जातं आणि सोबत टंगस्टनही असतं.

आपल्याकडे खरा शत्रू क्लोराइड, म्हणजे मिठातला घटक. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही, आणि तेच पाणी आपण प्लांटमध्ये फिरवतो. थंड, स्वच्छ, वाहत्या पाण्यासाठी अंदाजाचा नियम असा की 304 ला सुमारे 200 पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) क्लोराइडपर्यंत आणि 316 ला सुमारे 1000 पर्यंत धोका कमी. पण हा नियम थंड पाण्याचा आहे. पाणी तापलं, साचलं किंवा गॅस्केटखाली अडकून आटलं की तिथलं क्लोराइड रिपोर्टमधल्या आकड्याच्या कितीतरी पट होतं.

स्टीम जॅकेटच्या, म्हणजे दुहेरी भिंतीत वाफ फिरणाऱ्या कढईत हे स्पष्ट दिसतं. बाहेरून भांडं चकचकीत असतं. वेल्डिंगच्या जोडाशेजारी तपकिरी ठिपका उमटतो, पुसला की जातो, दोन दिवसांनी पुन्हा येतो. तिथे डीपी टेस्टचा (डाय पेनिट्रंट, म्हणजे तड्यांत मुरणाऱ्या रंगाची तपासणी) लाल रंग मारून, पुसून, वर पांढरी पावडर फवारली की झाडाच्या फांद्यांसारखे बारीक तडे उमटून येतात. हा नुसता गंज नव्हे. क्लोराइड आणि पत्र्यातला ताण मिळून धातू चिरतात, आणि 60 अंशांच्या वर 304 व 316 दोन्ही याला बळी पडतात. म्हणून गरम खाऱ्या पाण्यासाठी "304 ऐवजी 316 घ्या" हा सल्ला अर्धवट आहे. खड्डे कमी पडतील, तडे जायचे ते जातीलच.

निकेल इथे का जिंकतं, हे कॉपसन या संशोधकाने 1959 मध्ये दाखवलं. निकेलचं प्रमाण 8 टक्क्यांच्या आसपास असताना मिश्रधातू अशा तड्यांना सर्वात लवकर बळी पडतो आणि प्रमाण 40-45 टक्क्यांच्या वर गेलं की धोका जवळपास संपतो. म्हणजे सगळ्यात जास्त खपणारं 304 नेमकं सगळ्यात वाईट जागी बसलं आहे.

पण म्हणून लगेच 625 कडे धावू नका. मधे डुप्लेक्स 2205 हे स्टेनलेस आहे: 22 टक्के क्रोमियम, 5 टक्के निकेल, 3 टक्के मॉलिब्डेनम. त्याची अंतर्रचना दुहेरी असल्यामुळे तडे सहज जात नाहीत. शिवाय त्याची ताकद 316 एलच्या (कमी कार्बनच्या 316 च्या) दुपटीहून जास्त, त्यामुळे डिझाइन करणाऱ्याने मनावर घेतलं तर पत्रा पातळ करता येतो. गरम पाण्याच्या टाकीला, इव्हॅपोरेटरच्या नळ्यांना मी आधी 2205 चा भाव मागवेन. मर्यादा दोनच: 300 अंशांच्या वर सतत वापरू नये, आणि वेल्डिंगला हात बसलेला माणूस हवा. याहून स्वस्त उपाय म्हणजे पाणीच बदलणं. जॅकेट आणि बॉयलरपुरता आरओ बसवला तर अनेक युनिटांमध्ये महागड्या धातूचा प्रश्नच उरत नाही.

उष्णतेचं गणित वेगळं. मोकळ्या हवेत 304 साधारण 870 अंशांपर्यंत पापुद्रे न सुटता टिकतं आणि 310 हे उष्णतेसाठीचं स्टेनलेस सुमारे 1100 पर्यंत. पण टिकणं वेगळं आणि त्या तापात वजन पेलणं वेगळं. लाल झालेलं स्टेनलेस हळूहळू ताणलं जातं, 625 तिथे घट्ट राहतं. 304 चं प्रसरणही जास्त असतं. 625 चं प्रसरण साध्या पोलादाच्या जवळ जातं, म्हणून साध्या पोलादाशी केलेला जोड वारंवार तापून-थंड होऊनही तग धरतो.

एक उलटी गोष्ट इथे नीट लक्षात घ्या. हवा कमी आणि गंधक जास्त अशा तापलेल्या वायूत जास्त निकेल हे नुकसानच करतं. निकेल आणि गंधकाचं मिश्रण साधारण 640 अंशांच्या आसपासच वितळतं आणि धातू आतून पोखरला जातो. तिथे जास्त क्रोमियमचं, कमी निकेलचं स्टेनलेस बरं.

पऱ्हाटी आणि इतर शेतकचऱ्याच्या बॉयलरचा त्रास आणखी निराळा. त्यांच्या राखेतलं पोटॅशियम आणि क्लोरीन नळ्यांवर बसून धातू खातं. कचरा जाळणाऱ्या बॉयलरमध्ये यावर 625 चा वेल्डिंगने चढवलेला काही मिलिमीटरचा थर वापरतात, नळी साध्या पोलादाचीच राहते. औष्णिक वीज केंद्रांच्या धुरातलं गंधक धुणाऱ्या टाक्यांतही सी-276 चा पातळ पत्रा साध्या पोलादावर आतून मढवण्याची पद्धत आहे. ज्यांना परवडतं तेही अख्खं भांडं निकेलचं करत नाहीत. भाताच्या तुसाची राख मात्र घासून झिजवते, तिथे यातलं काहीच कामाचं नाही, कठीण अस्तर लागतं.

ॲसिडचं थोडक्यात: सौम्य सल्फ्युरिकसाठी इन्कोलॉय 825 हा निकेल अलॉय, हायड्रोक्लोरिकसाठी सी-276 सारखा धातू. जॅकेटमधला क्षार काढायला स्टेनलेसमध्ये बाजारातलं हायड्रोक्लोरिक ओतणं ताबडतोब बंद करा. सायट्रिक किंवा सल्फॅमिक ॲसिड वापरा.

भावाबद्दल बोलायचं तर दोन्ही धातूंचा भाव निकेलला बांधलेला आहे, निकेल अलॉयचा तर फारच. 8 मार्च 2022 ला लंडनच्या बाजारात निकेल टनाला 1,00,000 डॉलरच्या वर गेलं आणि व्यवहार थांबवावे लागले. म्हणून कोटेशन किती दिवस वैध आहे ते लेखी घ्या. दुरुस्तीचाही हिशेब धरा. 304-316 चा पत्रा, फ्लँज, टिग वेल्डर नागपूरला सहज मिळतात. 625 ची वायर आणि ती चालवणारा माणूस ऐन हंगामात शोधावा लागला तर संत्री सडतील. या धातूला कटिंगही हळू लागतं, आणि वेल्डिंगच्या जागी ग्रीस किंवा मार्करची खूण राहिली तर जोड तडकतो.

माल ताब्यात घेताना चुंबकावर विसंबू नका. "चुंबक चिकटत नाही म्हणजे 304" हे चुकीचं आहे. मँगनीजवालं स्वस्त 200 सिरीजचं स्टेनलेसही चिकटत नाही, आणि वाकवलेलं अस्सल 304 थोडं चिकटतं. मिल टेस्ट सर्टिफिकेटवरचा (कारखान्याच्या तपासणी दाखल्यावरचा) हीट नंबर, म्हणजे धातूच्या घाण्याचा नंबर, पत्र्यावरच्या नंबराशी जुळवा आणि धातूतले घटक जागेवर मोजणाऱ्या पीएमआय गनने तुमच्यासमोर तपासून घ्या.

मला विचाराल तर अशा युनिटमध्ये निकेलवर पैसे टाकायचे ते हीटरच्या नळ्यांच्या आवरणावर, खाऱ्या गरम लाइनच्या पातळ बेलोजवर (प्रसरण झेलणाऱ्या घड्यांच्या जोडावर) आणि बर्नरच्या टोकावर. फळांच्या रसाला लागणारा भाग 316 एल, गरम पाण्याचा 2205, बाकी सांगाडा साधा. आणि नव्या भांड्याची हायड्रोटेस्ट (पाणी भरून दाबाची चाचणी) बोअरच्या पाण्याने करून ते पाणी आत तसंच ठेवू देऊ नका. आरओचं पाणी भरा, टेस्ट झाली की त्याच दिवशी काढा, आणि हवा मारून भांडं कोरडं करायला लावा.